सरहद्द कोणाला अडवते?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)

कारखान्यातील विषारी वायूने माणसे मरतात एका देशात. त्या कारखान्याचे भांडवल, त्याचा आराखडा आणि त्याच्या नफ्याचा हिशेब असतो दुसऱ्या देशात. अशा वेळी पीडितांनी दाद कोठे मागावयाची? हा प्रश्न वरवर पाहता वकिलांचा वाटतो आणि कार्यकर्तेही बहुधा तो वकिलांवर सोपवून मोकळे होतात. परंतु खटला कोणत्या देशाच्या न्यायालयात चालावयाचा हे एकदा ठरले की नुकसानभरपाई किती, ती कधी आणि कोणाकडून मिळणार, हेही पुष्कळसे ठरून जाते. म्हणूनच कंपन्यांचे वकील अपराधाच्या चर्चेपूर्वी जागेची चर्चा उकरून काढतात. भोपाळच्या चाळीस वर्षांच्या इतिहासाने ही गोष्ट आपल्या देशाला फार मोठी किंमत घेऊन शिकवली आहे.

२ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या दरम्यानच्या रात्री भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट हा वायू सुटला. कारखाना युनियन कार्बाइड इंडिया लिमिटेड या भारतीय कंपनीच्या नावावर होता. परंतु तिचे ५०.९ टक्के भाग अमेरिकेतील मूळ कंपनीच्या हाती होते. आठवडा उलटण्यापूर्वीच अमेरिकेत पहिला दावा दाखल झाला. पाठोपाठ दीडशेच्या आसपास दावे तेथील निरनिराळ्या न्यायालयांत गेले आणि ते सर्व न्यूयॉर्कचे न्यायाधीश जॉन कीनन यांच्यापुढे एकत्र करण्यात आले. मार्च १९८५ मध्ये भारत सरकारने कायदा करून सर्व पीडितांच्या वतीने दावा चालविण्याचा अधिकार स्वतःकडे घेतला आणि एप्रिलमध्ये सरकारही न्यूयॉर्कच्या त्याच न्यायालयात वादी म्हणून उभे राहिले.

येथे इंग्लिश-अमेरिकन कायद्यातील एक तत्त्व समजून घेतले पाहिजे. न्यायालयाला दावा ऐकण्याचा अधिकार असतो. तरीही दुसऱ्या देशातील न्यायालय त्या दाव्यासाठी अधिक योग्य आहे असे न्यायाधीशाला वाटले, तर तो दावा ऐकण्याचे नाकारू शकतो. या तत्त्वाला ‘फोरम नॉन कन्व्हीनियन्स’ असे लॅटिन नाव आहे. मराठीत त्याला ‘गैरसोयीच्या न्यायालयाचे तत्त्व’ म्हणता येईल. त्याचे मूळ स्कॉटलंडच्या न्यायालयांत आहे. १९८१ मध्ये स्कॉटलंडमधील एका विमान अपघाताच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याला अधिक धार आणली. परदेशी वादीने केलेल्या न्यायालयाच्या निवडीला देशी वादीच्या निवडीइतके वजन देण्याचे कारण नाही, आणि दुसऱ्या देशाचा कायदा वादीला कमी अनुकूल आहे एवढ्यावरून दावा ठेवून घेण्याचीही गरज नाही, असे त्या न्यायालयाने ठरवले. भोपाळचे खटले उभे राहिले ते या निर्णयानंतर तीन वर्षांनी.

१९८५ च्या जुलैमध्ये कंपनीने हेच तत्त्व पुढे केले. साक्षीदार भारतात, कागदपत्रे भारतात, कारखाना चालविणारे भारतीय; तेव्हा खटलाही भारतातच चालावा, असे तिचे म्हणणे. यानंतर न्यूयॉर्कच्या न्यायालयात एक विलक्षण दृश्य दिसले. भारत सरकारने अमेरिकन विद्वान मार्क गॅलँटर यांच्या प्रतिज्ञापत्राच्या आधारे सांगितले की भारतीय न्यायव्यवस्था विलंबाने ग्रासलेली असून एवढ्या मोठ्या खटल्याला ती पुरी पडणार नाही. उलट मुंबईचे ख्यातनाम कायदेपंडित नानी पालखीवाला यांनी कंपनीच्या बाजूने प्रतिज्ञापत्र देऊन भारतीय न्यायालये पूर्णपणे समर्थ असल्याची ग्वाही दिली. भारताचे सरकार भारतीय न्यायालयांच्या उणिवा मांडत होते आणि परदेशी कंपनी त्यांचे गुणगान करीत होती!

१२ मे १९८६ रोजी कीनन यांनी कंपनीचे म्हणणे मान्य केले. खटला अमेरिकेत ठेवणे म्हणजे एका प्रस्थापित राष्ट्राने विकसनशील राष्ट्रावर आपले नियम लादणे होईल, तो साम्राज्यवादाचाच आणखी एक नमुना ठरेल, अशा आशयाचे कारण त्यांनी दिले. साम्राज्यवादाला विरोध करण्याची ही रीत मोठी सोयीची होती, कारण तिचा सर्व लाभ साम्राज्याच्या कंपनीला मिळत होता! तरीही न्यायाधीशांनी तीन अटी घातल्या: कंपनीने भारतीय न्यायालयाचे अधिकारक्षेत्र मान्य करावे आणि मुदतीचा बचाव घेऊ नये, न्याय्य प्रक्रियेने झालेला भारतीय हुकूमनामा पाळावा, आणि अमेरिकन नियमांप्रमाणे आपली कागदपत्रे खुली करावीत. जानेवारी १९८७ मध्ये अपील न्यायालयाने निर्णय कायम ठेवला, परंतु हुकूमनामा पाळण्याची अट काढून टाकली. कागदपत्रांची एकतर्फी अटही गेली. कंपनी भारतात आली ती बरीच मोकळी होऊन.

भारतीय न्यायालये खरोखरच अपुरी होती काय? न्यायाधीशांच्या बुद्धीविषयी आणि धैर्याविषयी बोलावयाचे, तर नाही. डिसेंबर १९८६ मध्ये दिल्लीतील ओलियम वायुगळतीच्या खटल्यात सरन्यायाधीश भगवती यांच्या खंडपीठाने असे तत्त्व घालून दिले की, धोकादायक उद्योग चालविणाऱ्यावर अपघाताची संपूर्ण जबाबदारी राहील आणि ‘आमची चूक नव्हती’ हा बचाव चालणार नाही. डिसेंबर १९८७ मध्ये भोपाळचे जिल्हा न्यायाधीश देव यांनी कंपनीने ३५० कोटी रुपये अंतरिम नुकसानभरपाई द्यावी असा हुकूम केला. एप्रिल १९८८ मध्ये उच्च न्यायालयाने ती रक्कम २५० कोटींवर आणली. परंतु हुकूम देणे ही एक गोष्ट आणि तो सातासमुद्रापलीकडच्या कंपनीकडून अमलात आणणे ही दुसरी. कंपनी अपिलात गेली आणि पीडितांच्या हाती पैसा पडला नाही.

अखेर १४ व १५ फेब्रुवारी १९८९ रोजी सर्वोच्च न्यायालयात तडजोड झाली. सरकारने तीनशे कोटी डॉलरहून अधिक रकमेचा दावा लावला होता. तो ४७ कोटी डॉलरवर मिटला. त्यासोबत फौजदारी खटलेही रद्द झाले होते. लोकांच्या संतापानंतर १९९१ च्या पुनर्विलोकनात ते पुन्हा जिवंत करण्यात आले. तडजोड मात्र कायम राहिली. ती सुमारे तीन हजार मृत आणि सुमारे एक लाख जखमी असा हिशेब धरून झाली होती. प्रत्यक्षात पुढे साडेपाच लाखांहून अधिक दावे मान्य करावे लागले. बहुसंख्यांच्या वाट्याला आधी पंचवीस हजार रुपये आणि २००४ नंतर जवळजवळ तितकीच आणखी रक्कम आली. डिसेंबर २०१० मध्ये सरकारने सुमारे ७,८०० कोटी रुपयांच्या वाढीव भरपाईसाठी अर्ज केला. १४ मार्च २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तो फेटाळला. इतक्या वर्षांनी तडजोड उघडता येणार नाही असे सांगतानाच, १९९१ च्या आदेशाप्रमाणे पीडितांचा विमा सरकारने का उतरवला नाही, याबद्दलही न्यायालयाने सरकारला धारेवर धरले. फौजदारी बाजूचीही तीच गत. कंपनीचे अध्यक्ष वॉरन अँडरसन यांना डिसेंबर १९८४ मध्ये अटक झाली, त्याच दिवशी जामीन मिळाला आणि पुढे ते कधीच न्यायालयापुढे आले नाहीत. २००४ मध्ये अमेरिकेने त्यांना ताब्यात देण्यास नकार दिला आणि २०१४ मध्ये त्यांचे निधन झाले.

मित्रहो, येथपर्यंतची कथा बहुतेकांच्या परिचयाची आहे. परंतु तिच्या शेजारी दुसरी एक कथा ठेवल्याशिवाय तिचा पुरता अर्थ लागत नाही.

व्हाइट इंडस्ट्रीज नावाच्या ऑस्ट्रेलियन कंपनीने १९८९ मध्ये कोल इंडियाशी पिपरवारच्या कोळसा खाणीसाठी करार केला. पुढे वाद झाला आणि २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय लवादाने कंपनीला सुमारे ४० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर देवविले. कोल इंडियाने त्या निवाड्याला कलकत्ता उच्च न्यायालयात आव्हान दिले आणि प्रकरण भारतीय न्यायालयांत वर्षानुवर्षे रेंगाळले. तेव्हा कंपनी भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्यातील गुंतवणूक कराराच्या आधारे थेट भारत सरकारविरुद्ध दुसऱ्या लवादापुढे गेली. ३० नोव्हेंबर २०११ रोजी त्या लवादाने निर्णय दिला की नऊ वर्षांहून अधिक काळ कंपनीचे प्रकरण अनिर्णित राहिले, म्हणजे दाद मागण्याचे परिणामकारक साधन तिला मिळाले नाही. सबब भारताने भरपाई द्यावी. परिणामकारक साधनाचे हे कलम ऑस्ट्रेलियाबरोबरच्या करारात नव्हतेच! ते भारत-कुवेत करारातून उसने घेण्यात आले होते.

आता हे दोन निर्णय शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. भारतीय न्यायालयांत विलंब होतो, ही तक्रार १९८६ मध्ये भोपाळच्या विधवांच्या वतीने केली गेली, तेव्हा ती पुरेशी ठरली नाही. तीच तक्रार २०११ मध्ये खाणकंपनीने केली, तेव्हा ती आंतरराष्ट्रीय कराराचा भंग ठरली. निर्णय देणारी न्यायपीठे वेगळी होती, लावलेला कायदा वेगळा होता, हे खरे आहे. आणि नेमका मुद्दाही तोच आहे. एकाच विलंबाला मोजण्यासाठी जगात दोन मापे तयार झाली आहेत. भांडवलाचे माप करारांनी लिहून ठेवले आहे. पीडितांचे माप न्यायाधीशांच्या विवेकावर सोडले आहे.

अंमलबजावणीतही हाच भेद दिसतो. लवादाच्या निवाड्यांसाठी १९५८ चा न्यूयॉर्क करार आहे. १७० हून अधिक देश त्यात सामील आहेत आणि भारताने १९६० मध्येच त्याला मान्यता दिली. एका देशातील निवाडा त्यामुळे दुसऱ्या देशातील मालमत्तेवर बजावता येतो. केर्न एनर्जीच्या करप्रकरणात डिसेंबर २०२० मध्ये लवादाचा निवाडा भारताविरुद्ध गेला. जुलै २०२१ पर्यंत कंपनीने फ्रेंच न्यायालयाकडून पॅरिसमधील भारत सरकारच्या मालमत्तांवर टाच आणविली. ऑगस्टमध्ये संसदेने कायदा बदलला आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये सुमारे ७,९०० कोटी रुपये कंपनीला परत गेले. पूर्वलक्षी कर लावणे योग्य होते की नव्हते, हा येथे प्रश्न नाही. एवढेच लक्षात घ्यावे की निवाड्यापासून रक्कम हाती पडेपर्यंत चौदा-पंधरा महिने लागले; आणि जवळजवळ तेवढ्याच रकमेची भोपाळची मागणी बारा वर्षे पडून राहून पुढल्याच वर्षी फेटाळली गेली. भारतातील दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याला मात्र असे जागतिक चलन नाही. अमेरिकेशी तर याबाबत भारताचा कोणताही करार नाही. तेथे हुकूमनामा घेऊन जाणाऱ्याला त्या त्या राज्याच्या कायद्याप्रमाणे पुन्हा न्यायालयाची पायरी चढावी लागते.

मग सीमेपलीकडच्या न्यायालयांचे दार पीडितांना कायमचे बंद आहे काय? तसे समजणे चुकीचे होईल. दक्षिण आफ्रिकेतील अ‍ॅस्बेस्टॉसच्या खाणींनी आजारी पाडलेल्या तीन हजारांहून अधिक लोकांनी केप या ब्रिटिश कंपनीवर इंग्लंडमध्ये दावे केले. कंपनीने पुन्हा तेच म्हटले: खटला आफ्रिकेत चालवा. जुलै २००० मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने ते अमान्य केले. दक्षिण आफ्रिका हे स्वाभाविक स्थान आहे, हे त्यांनी मान्य केले. परंतु तेथे या गरीब वादींना कायदेविषयक मदत मिळणार नाही, एवढा गुंतागुंतीचा खटला चालविण्यासाठी पैसा आणि तज्ज्ञ मिळणार नाहीत, सबब त्यांना तिकडे पाठविणे म्हणजे न्याय नाकारणे होय, असे त्यांनी सांगितले. अखेर २००३ मध्ये तडजोडीने का होईना, वादींना रक्कम मिळाली.

एप्रिल २०१९ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने हाच धागा पुढे नेला. झांबियातील चिंगोला भागातील सुमारे १,८०० गावकऱ्यांची तक्रार होती की तांब्याच्या खाणीतून सुटणाऱ्या विषारी पाण्याने त्यांच्या नद्या आणि शेते नासली. खाण चालविणारी झांबियातील कंपनी ही वेदांत या लंडनस्थित समूहाची उपकंपनी. न्यायालयाने दोन गोष्टी सांगितल्या. उपकंपनीच्या कारभारात मूळ कंपनी किती लक्ष घालते, किती नियंत्रण ठेवते, यावरून तिची स्वतःची जबाबदारी उभी राहू शकते. आणि झांबियात वादींना पैशाअभावी खऱ्या अर्थाने न्याय मिळण्याची शक्यता नसेल, तर खटला इंग्लंडमध्ये चालू शकतो. पुढे कंपनीने जबाबदारी मान्य न करता तडजोड केली.

या खटल्यातील प्रतिवादी कोण हे विसरता कामा नये. वेदांतचा उद्योग वाढला तो भारतात. मुंबईच्या बाजारातून उभा राहिलेला हा समूह. भोपाळमध्ये जी बाजू अमेरिकन कंपनीची होती, ती चिंगोलात भारतीय मूळ असलेल्या भांडवलाची होती. तेव्हा हा गोऱ्या आणि काळ्या राष्ट्रांचा झगडा आहे, अशी सोपी मांडणी करून चालणार नाही. भोपाळच्या विधवेचे नाते चिंगोलाच्या शेतकऱ्याशी आहे, आणि उद्या भारतीय कंपन्यांनी परदेशी केलेल्या नुकसानीचे दावे मुंबईच्या न्यायालयात आले, तर त्या वेळीही समाजवादी कार्यकर्त्याची जागा फिर्यादीच्याच बाजूला असली पाहिजे.

महाराष्ट्राला हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशके फवारताना शेकडो शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने रुग्णालयात गेले; वीसहून अधिक दगावले. त्यांपैकी दोघांच्या विधवा आणि वाचलेला एक शेतकरी यांनी सिंजेंटा या कंपनीविरुद्ध, तिचे मुख्यालय जेथे आहे त्या स्वित्झर्लंडमधील बाझल शहरी दाद मागितली. कंपनीने जबाबदारी नाकारली आहे. या दाव्याचे जे व्हावयाचे ते होवो. त्यातून कार्यकर्त्यांनी घ्यावयाचा धडा आजच स्पष्ट आहे. सदोष मालाबद्दलच्या दाव्याला स्विस कायद्यात तीन वर्षांची मुदत आहे. वणी किंवा आर्णीच्या शेतमजुराला ती कोण सांगणार? फवारलेल्या औषधाची बाटली, दुकानाची पावती, पोलीस पंचनाम्यातील औषधाचे नाव, रुग्णालयाचे कागद, यांपैकी काहीच हाती नसेल तर बाझलचा न्यायाधीश कितीही सहृदय असला तरी दावा उभा राहत नाही. पंचनाम्यात ‘विषारी औषध’ असे मोघम लिहिले की कंपनी सुटली!

म्हणून तीन गोष्टींचा आग्रह धरावयास हवा. पहिली गोष्ट न्यायाच्या कसोटीची. त्या देशात न्यायालय आहे की नाही, एवढेच पाहून भागणार नाही. या पीडिताला त्या न्यायालयापर्यंत पोहोचता येते काय आणि मिळालेला हुकूम कंपनीवर बजावता येतो काय, हे पाहिले पाहिजे. आपल्या संसदेनेही कायदा करून भारतीय मूळ कंपन्यांची परदेशातील उपकंपन्यांबाबतची जबाबदारी स्पष्ट लिहावी. दुसरी गोष्ट सरकारच्या व्यवहाराची. व्हाइट इंडस्ट्रीजच्या अनुभवानंतर भारताने २०१५ मध्ये गुंतवणूक कराराचा नवा नमुना केला आणि कंपन्यांनी आधी देशी न्यायालयांत दाद मागावी अशी अट त्यात घातली. हे योग्यच झाले. परंतु गुंतवणूकदाराला परदेशी लवाद उपलब्ध करून देणारा कोणताही करार करताना, त्याच गुंतवणुकीने घायाळ होणाऱ्या माणसाला त्या देशाच्या न्यायालयात जाण्याचा आणि भारतीय हुकूमनामा तेथे बजावण्याचा हक्क सरकारने का मागू नये? भांडवलाला हक्क देताना घासाघीस करण्याची जागा तीच आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड, कारण ती स्वतःच्या घरातली आहे. कीनन यांचा युक्तिवाद कंपनीच्या सोयीचा होता. परंतु भोपाळच्या पीडितांना चाळीस वर्षे ताटकळत ठेवले ते न्यूयॉर्कने नव्हे. १९८९ ची तडजोड दिल्लीत झाली. पीडितांना न विचारता झाली. विमा उतरवला नाही तो भारत सरकारने. देशी न्यायालय समर्थ आहे हे वाक्य कंपनीच्या वकिलाच्या तोंडी ढोंग ठरू नये असे वाटत असेल, तर सामुदायिक दावे झपाट्याने चालविणारी न्यायालये, गरीब वादींना तज्ज्ञांचा खर्च मिळण्याची सोय आणि सरकारने पीडितांच्या वतीने केलेल्या तडजोडीवर पीडितांची संमती घेण्याचा दंडक, यांसाठी येथेच लढावे लागेल.

भांडवलाने आपल्यासाठी सरहद्दी ओलांडण्याचे कायदे साठ-सत्तर वर्षे खपून एकेक कलमाने उभे केले. पीडितांच्या बाजूने केप आणि चिंगोला येथे काही पावले पडली आहेत. ती पुढे न्यावयाची तर कामाची सुरुवात पंचनाम्याच्या कागदापासून करावी लागेल. तालुक्याच्या गावी पोलीस ठाण्यात उभे राहून औषधाचे नाव, कंपनीचे नाव आणि तारीख लिहून घेणारा कार्यकर्ता हाच परदेशातील न्यायालयात उभ्या राहणाऱ्या वकिलाचा पहिला साक्षीदार असतो.